राज्यातल्या आयव्हीएफ डॉक्टरांना खुलं पत्र: तो तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकण्याआधी

नमस्कार डॉक्टर,

महाराष्ट्रात आयव्हीएफ सेंटर चालवणाऱ्या आणि तिथे काम करणाऱ्या सगळ्यांसाठी हे पत्र आहे, पुण्या-मुंबईच्या मोठ्या सेंटरवाल्यांसाठी पण आणि जिल्ह्याच्या गावी स्वतःच्या हिमतीवर सेंटर उभं केलेल्यांसाठी पण. मी विदर्भातल्या एका मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. तुमच्या पेशंट मला कधी दिसत नाहीत, गर्भपिशवीच्या अस्तराचे तुकडे घातलेल्या त्यांच्या बाटल्या दिसतात. गोंदिया, चंद्रपूर, यवतमाळ, वाशिम कुठूनकुठून येतात. फॉर्मवर लिहिलेलं असतं वय अमुक, लग्नाला इतकी वर्षं, आयव्हीएफ फेल, खाली "कॉक्स आहे का बघा, कल्चर करा", म्हणजे टीबी आहे का ते जंतू वाढवून बघा. आणि झाकण उघडलं की फॉर्मॅलिनचा, म्हणजे तुकडा टिकवायच्या द्रवाचा, वास येतो.

फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही, तुम्ही एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षात शिकलात. पण तरी बाटल्या तशाच येतात, कारण सॅम्पल तुम्ही घेता आणि बाटलीत टाकतं दुसरंच कोणीतरी, ओटीमधल्या मावशी नाहीतर नवीन लागलेली सिस्टर, तिच्यासमोर नेहमीची बायोप्सीची बाटली असते त्यात ती टाकते. मग आम्ही फोन करतो की कल्चर लागणार नाही, सलाईनमध्ये पाठवा. पलीकडून उत्तर येतं की आता पेशंट गेली, दुसरं सॅम्पल कसं घेणार, तुम्ही हिस्टोपॅथॉलॉजी करून टाका. ती, म्हणजे तुकड्याची मायक्रोस्कोपखाली तपासणी, होते, रिपोर्ट येतो की ग्रॅन्युलोमा, म्हणजे टीबीत बनणारी बारीक गाठ, दिसला नाही, आणि त्या बाईच्या फाइलवर लिहिलं जातं "टीबी निगेटिव्ह". जी टेस्ट झालीच नाही तिच्या नावाने ती बाई निगेटिव्ह ठरते आणि पुढच्या ट्रान्सफरची, म्हणजे भ्रूण पिशवीत सोडायची, तारीख घेते. मला हे बघवत नाही म्हणून लिहितेय.

गर्भपिशवीचा टीबी आपल्याकडे दुर्मिळ नाहीये. जगातल्या टीबीच्या पेशंटपैकी साधारण पाव हिस्सा एकट्या भारतात आहे, आणि मूल न होणाऱ्या बायकांमध्ये तो किती सापडतो याचे आकडे प्रत्येक अभ्यासात वेगळे येतात कारण प्रत्येकाने वेगळ्या टेस्टवर मोजलंय, पण ट्यूब, म्हणजे गर्भनलिका, खराब होण्याच्या मोठ्या कारणांमध्ये तो आपल्या देशात आहे याबद्दल तुमच्यात दुमत नसावं. जंतू बहुतेक वेळा फुप्फुसातून रक्तावाटे खाली येतो, कधी पंधराव्या-सोळाव्या वर्षी, आणि बसतो सगळ्यात आधी ट्यूबमध्ये. दहातल्या नऊपेक्षा जास्त केसेसमध्ये ट्यूबवर परिणाम असतोच, अस्तरावर साधारण निम्म्यांमध्ये. खोकला नाही, ताप नाही, वजन पण नीट, एक्सरे साफ. पाळी थोडी कमी जाते किंवा ओटीपोटात दुखतं, आणि कितीतरी जणींमध्ये तेवढंही नसतं, मूल राहत नाही हेच एक लक्षण. म्हणजे ही बाई टीबीच्या डॉक्टरकडे कधी जाणारच नाही, ती तुमच्याकडेच येणार. तिच्या आयुष्यात हा आजार ओळखू शकणारे पहिले आणि बऱ्याचदा शेवटचे डॉक्टर तुम्ही असता.

माझ्या मामेबहिणीचं सांगते, तिची परवानगी घेऊन. कॉलेजात असताना तिच्या छातीत पाणी झालं होतं, टीबीच्या गोळ्या सुरू केल्या, दोन-तीन महिन्यांत बरं वाटलं तशा बंद केल्या, घरात कोणी परत विषय काढला नाही कारण पुढे लग्न जमवायचं होतं. लग्नानंतर मूल होईना म्हणून एका सेंटरमध्ये गेली, तिथे एएमएच झालं, थायरॉइड झालं, नवऱ्याचं सिमेन झालं, सोनोग्राफ्या तर विचारूच नका. पण "आधी कधी टीबी झाला होता का, घरात कोणाला होता का" हा प्रश्न कोणी विचारला नाही. पाळी एका दिवसावर आली होती, ती तिने सांगितलीही, त्यावर हार्मोनच्या गोळ्या मिळाल्या. भ्रूण चांगले बनत होते, ग्रेड चांगली म्हणायचे, आणि दिवस राहिल्याची टेस्ट, बीटा एचसीजी, प्रत्येक वेळी निगेटिव्ह. शेवटी दुसऱ्या एका डॉक्टरांनी हिस्टेरोस्कोपी केली तर आत भिंतीला भिंत चिकटलेली होती. दुर्बीण आत घालायला सुद्धा जागा कमी होती. अस्तर राहिलंच नव्हतं म्हणा ना.

याच गोष्टीवर माझा सगळा जोर आहे. ट्यूब गेल्या तर तुमच्याकडे उपाय आहे, आयव्हीएफ मुळात ट्यूब बाजूला ठेवायलाच आलं. 6 ऑगस्ट 1986 ला परळच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा आणि तिथल्याच संशोधन संस्थेच्या टीमने टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म घडवून आणला, तेव्हापासून ट्यूब बंद असलेल्या हजारो बायकांच्या मांडीवर मूल आलंय. पण अस्तर गेलं की आयव्हीएफचे हात बांधले जातात. कितीही चांगलं भ्रूण सोडा, रुजायला जागा नाही. मग फक्त सरोगसी उरते, तीही 2021 च्या कायद्यानंतर किती जणींना जमते ते तुम्हाला माहितीये. म्हणून वेळ महत्त्वाची आहे. ट्यूबमध्ये असतानाच सापडला आणि सहा महिन्यांची औषधं पूर्ण झाली तर अस्तर वाचण्याची आशा असते आणि त्यानंतरच्या आयव्हीएफला अर्थ राहतो. दोन-तीन सायकल उलटून गेल्यावर, अस्तर पाच-साडेपाच मिलिमीटरच्या वर जात नाही असं सोनोग्राफीत दिसायला लागल्यावर शोधायला निघालं तर आपण उशिरा निघालो.

आणि ट्यूब बाजूला ठेवली म्हणून ती त्रास देत नाही असंही नाही ना. ट्यूबमध्ये पाणी साठलेलं असेल, ज्याला तुम्ही हायड्रोसाल्पिंक्स म्हणता, तर ते पाणी पिशवीत उतरतं आणि आयव्हीएफचा सक्सेस जवळजवळ निम्म्यावर आणतं, त्यामुळे ट्रान्सफरच्या आधी ती ट्यूब काढावी किंवा क्लिप करावी हे तर आता सगळ्या गाइडलाइनमध्ये आलंय. माझं एवढंच म्हणणं आहे की ती काढता तेव्हा तिचा तुकडा पण टीबीसाठी पाठवा. कितीतरी वेळा ट्यूब निघते, फॉर्मॅलिनमध्ये जाते, आणि ती का फुगली हे कोणी विचारत नाही.

आता टेस्टबद्दल, कारण हे माझं रोजचं काम आहे आणि इथे दोन्ही बाजूंनी गोंधळ होतो.

पिशवीच्या सॅम्पलमध्ये जंतू मुळात फार कमी असतात. मायक्रोस्कोपखाली स्लाइडवर दिसायला एका मिलीमध्ये दहा हजारांच्या आसपास जंतू लागतात, ते इथे जवळपास कधीच नसतात, त्यामुळे स्लाइड निगेटिव्ह आली याचा अर्थ काहीच नाही. कल्चरला दहा ते शंभर पुरतात, पण लिक्विड कल्चरला सहा आठवडे आणि साध्या एलजे मीडियावर आठ आठवड्यांपर्यंत थांबावं लागतं आणि तुमच्या पेशंटला पुढच्या महिन्यात ट्रान्सफर हवी असते. जंतूचा डीएनए शोधणारं सीबीनॅट किंवा आपल्या गोव्यात बनणारं ट्रूनॅट दोन तासात सांगतं, पॉझिटिव्ह आलं तर बऱ्यापैकी विश्वास ठेवावा, रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला रेझिस्टन्स आहे का तेही कळतं, पण निगेटिव्ह आलं तर टीबी नाहीच असं म्हणता येत नाही कारण या सॅम्पलमध्ये ते बरंच काही सोडून देतं. आणि अस्तर दर महिन्याला पाळीबरोबर निघून जातं, ग्रॅन्युलोमा बनायला वेळच मिळत नाही, म्हणून सॅम्पल पाळी यायच्या आधीच्या आठवड्यात घ्यायचं असतं. नवव्या-दहाव्या दिवशी घेतलेला तुकडा येतो तेव्हा आम्ही सगळं नियमानुसार करतो पण मनात माहीत असतं की यातून काही निघायची शक्यता कमी आहे. फॉर्मवर शेवटच्या पाळीची तारीख दहातल्या दोन जण पण लिहीत नसतील असं मला वाटतं.

दुसरी बाजू जास्त वाईट आहे कधीकधी. डीएनएचीच साधी पीसीआर टेस्ट पॉझिटिव्ह आली की लगेच एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, सुरू. पीसीआरला जिवंत जंतू आणि मेलेला जंतू यातला फरक कळत नाही, जुन्या झोपलेल्या इन्फेक्शनचा अंश पण पकडते, आणि लॅबमध्ये जरा जरी कंटॅमिनेशन झालं तर खोटी पॉझिटिव्ह येते, हे मी स्वतः त्या टेबलावर बसून सांगतेय. मंटू ही त्वचेवरची टेस्ट किंवा रक्तातली इग्रा पॉझिटिव्ह आली तरी आजार आहे असं सिद्ध होत नाही, आपल्या देशात मोठ्या माणसांमध्ये साधारण तिघांत एकाच्या अंगात टीबीचा जंतू झोपलेला असतोच. आणि रक्तातली अँटिबॉडीची टेस्ट तर सरकारने जून 2012 मध्येच बंद केली, ती कुठे चालू असेल तर ती कायद्याच्या विरोधात आहे. अशा एका कागदावर सहा महिने तीन-चार औषधं पोटात घालायची, त्यात लिव्हर बिघडतं, एथांब्युटॉलने नजरेवर परिणाम होऊ शकतो, रिफाम्पिसिनमुळे तुमच्याच हार्मोनच्या गोळ्यांचा असर कमी होतो, आणि वय पस्तीस-सदतीस असेल तर सहा महिने म्हणजे किती मोठी किंमत हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता.

म्हणजे काही सेंटर बघतच नाहीत आणि काही सेंटर एका पीसीआरवर सगळ्यांनाच गोळ्या देतात, आणि मला दोन्हीचं मूळ एकच वाटतं, सगळा निर्णय एका रिपोर्टवर टाकून मोकळं व्हायचं. हा आजार तसा पकडला जात नाही. जुनी हिस्ट्री, घरातला टीबी, पाळी कमी होत गेलीये का, एचएसजीत, म्हणजे ट्यूबच्या एक्सरेत, ट्यूब मण्यांच्या माळेसारखी किंवा पाइपसारखी ताठ दिसते का, लॅप्रोस्कोपीत पांढरे दाणे, चिकटलेलं आतडं, लिव्हरपाशी जाळी, आणि मग अस्तराचे दोन-तीन रिपोर्ट, हे सगळं एकत्र ठेवून ठरवावं लागतं. आपल्याकडे 2016 मध्ये फुप्फुसाबाहेरच्या टीबीसाठी इंडेक्स टीबी म्हणून गाइडलाइन निघाल्या, त्यात पिशवीच्या टीबीचा भाग आहे. तो तुमच्या सेंटरमधल्या ज्युनिअर डॉक्टरांनी वाचलाय का एवढं एकदा विचारा.

न सापडलेल्या टीबीवर ट्रान्सफर यशस्वी झाली तर काय होतं यावर मराठीत कोणी बोलतच नाही. आयव्हीएफनंतर दिवस राहिले आणि झोपलेला टीबी उठला, आईच्या अंगभर पसरला, मिलिअरी झाला, बाळाला जन्मतःच टीबी झाला अशा केसेस मेडिकल जर्नल्समध्ये आहेत. कमी आहेत, पण आहेत. पॉझिटिव्ह बीटा आला म्हणून पेढे वाटलेल्या घरात चौथ्या-पाचव्या महिन्यात ताप सुरू होतो आणि गरोदर बाईचा एक्सरे काढायला सगळेच कचरतात. एक्टोपिकचा, म्हणजे गर्भ पिशवीबाहेर राहण्याचा, धोका तर वेगळाच. तेव्हा "दिवस राहिले ना, मग झालं" असं नाहीये.

फक्त टीबीच नाही अर्थात. क्लॅमिडिया आहे, संबंधातून पसरणारा जंतू, तो बहुतेक बायकांमध्ये काही लक्षण दाखवत नाही, पुरुषांमध्ये पण निम्म्यांना कळत नाही, ट्यूब मात्र आतून चिकटवून जातो. त्याची टेस्ट लघवीवर किंवा स्वॅबवर होते, औषध स्वस्त आहे, डॉक्सीसायक्लिनचा सात दिवसांचा कोर्स, पण नवरा-बायको दोघांनी घ्यायचा असतो. आणि इथे गाडी अडते. बायकोच्या बाबतीत सगळ्या टेस्ट होतात, नवऱ्याची एक सिमेन रिपोर्ट होते, त्यात पस सेल, म्हणजे पू-पेशी, जास्त लिहिलेले असतात तरी काउंट चांगला आहे ना म्हणून पान उलटलं जातं. पुरुषांना पण जननेंद्रियांचा टीबी होतो, वृषणाला लागून असलेल्या एपिडिडिमिसमध्ये गाठ येते, नळी बंद होते, शुक्राणू शून्य येतात. त्याला कोणी तपासून हात लावून बघतं का? डॉक्टर, तुमच्या शब्दाला त्या घरात फार वजन असतं. सासूबाईंसमोर तुम्ही एकदा म्हणालात की "यांचीही तपासणी लागेल, इन्फेक्शन दोघांत असू शकतं" तर त्या सुनेचं निम्मं ओझं तिथेच उतरतं.

अस्तराची जुनी सूज, क्रॉनिक एंडोमेट्रायटिस, जिथे सीडी 138 चं स्टेनिंग करून प्लाझ्मा सेल बघतात, त्याबद्दल मी जास्त बोलणार नाही, अँटिबायोटिक दिल्याने ट्रान्सफर किती सुधारते यावर तुमच्यातच अजून वाद आहेत. पण वारंवार भ्रूण रुजत नसेल तर तिथे बघायला हवं एवढं तरी बरेच जण मान्य करतात.

पैशाचं बोलायला संकोच वाटतो पण बोलते. आयव्हीएफच्या एका सायकलला लाख-दीड लाख, दोन लाख जातात, आमच्याकडे लोक शेत गहाण ठेवून येतात, कोणी बायकोचं स्त्रीधन मोडून येतं. याच्यासमोर अस्तराच्या कल्चरचा आणि सीबीनॅटचा खर्च किती असतो? जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात तर सीबीनॅट फुकट होतं. आयव्हीएफसारख्या उपचारांसाठीचा एआरटीचा कायदा 25 जानेवारी 2022 पासून लागू झाला, त्यात जोडप्याला यशाची शक्यता, खर्च, धोके नीट समजावून सांगणं ही सेंटरची जबाबदारी म्हणून लिहिलेली आहे. मग ज्या बाईचं इन्फेक्शन तपासलंच नाही तिला "चाळीस टक्के चान्स आहे" हे कशाच्या आधारावर सांगायचं? दुसरी सायकल फेल गेल्यावर तिसऱ्यांदा सही घेण्याआधी तिच्याशी बसून बोला की आपण टीबी या-या पद्धतीने बघितला, हे सापडलं, हे सापडलं नाही, आणि या टेस्टची मर्यादा ही आहे. मराठीत बोला, कागदावर पण मराठीत द्या. बाईला सगळं कळतं, तिला सांगितलं जात नाही एवढंच.

आणि निदान झालं तर निक्षय या टीबीच्या सरकारी पोर्टलवर नोंद करा. टीबी 2012 पासून नोंद करणं सक्तीचा आजार आहे, खाजगी डॉक्टरांना पण, 2018 पासून तर न कळवणं हा गुन्हा धरला जातो, तरी पिशवीचा टीबी कितीतरी ठिकाणी फक्त फाइलमध्ये राहतो कारण घरच्यांना नाव नको असतं. मला ती भीती समजते. टीबी म्हटलं की तिचा कप वेगळा होतो, तिला माहेरी पाठवतात, नणंदेच्या लग्नाचं कारण सांगून कोणाला बोलायचं नाही अशी ताकीद मिळते. त्या घरच्यांना तुमच्या तोंडून ऐकू द्या की फक्त पिशवीत असलेला टीबी खोकल्यासारखा घरात पसरत नाही, छाती तपासून घेऊ आणि साफ असेल तर भांडी वेगळी करायची गरज नाही. नोंद केली तर खाजगी पेशंटला पण औषधं फुकट मिळतात, नोव्हेंबर 2024 पासून पोषणासाठी महिन्याला 1000 रुपये खात्यात येतात, आशाताई किंवा टीबीचे कर्मचारी गोळ्या चालू आहेत का विचारायला येतात. माझ्या बहिणीने दोन-तीन महिन्यांत गोळ्या सोडल्या तेव्हा असं विचारायला कोणी आलं असतं तर कदाचित तिच्या गोळ्या पूर्ण झाल्या असत्या.

तुमच्यात खूप चांगलं काम करणारे आहेत, मला माहितीये, काही सेंटरमधून सॅम्पल येतं ते बघूनच बरं वाटतं, दोन बाटल्या, दोन्हीवर नीट लिहिलेलं, पाळीची तारीख, आधीची हिस्ट्री, ट्यूबचं वर्णन. त्यांना माझा मनापासून नमस्कार. बाकीच्यांना विनंती आहे की उद्या सकाळी ओटी सुरू व्हायच्या आधी पाच मिनिटं सिस्टर आणि मावशींना जवळ बोलवून एवढं सांगा. तुकड्याचे भाग करायचे, एक फॉर्मॅलिनमध्ये हिस्टोपॅथॉलॉजीला, बाकीचे साध्या नॉर्मल सलाईनमध्ये, निर्जंतुक बाटलीत, घट्ट झाकण लावून, सीबीनॅट आणि कल्चरला. फॉर्मवर शेवटच्या पाळीची तारीख लिहायची, आधी टीबीच्या गोळ्या घेतल्या असतील तर तेही. सॅम्पल त्याच दिवशी निघालं पाहिजे, थंड डब्यात, बर्फात गोठवून नाही. शुक्रवारी संध्याकाळी घेणं टाळलंत तर फार बरं होईल, कारण कुरिअरवाला शनिवार-रविवार ते ऑफिसमध्येच ठेवतो आणि सोमवारी आमच्या हातात येतं तेव्हा दुसरेच जंतू वाढलेले असतात. काही शंका आली तर सॅम्पल घ्यायच्या आधी लॅबला फोन करा, कुठल्याही लॅबला, आम्ही उचलतो.

आपली,
विदर्भातल्या एका लॅबमधली टेक्निशियन